मुका मार

न्यूअर्क हे अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातलं कारखान्यांचं शहर. तिथले सरकारी पोस्टमॉर्टेमचे डॉक्टर हॅरिसन मार्टलंड 1925 साली नावारूपाला आले ते घड्याळांच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुलींमुळे. अंधारात चमकणारा रेडियमचा रंग लावताना कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायचा, असं या मुलींना कारखान्यातच शिकवलेलं. मुलींचे जबडे सडायला लागले, काही दगावल्या. कारखानदार नामानिराळे. हे रेडियमचंच काम आहे, हे मार्टलंड यांनी त्यांच्या हाडांतून दाखवून दिलं. पोटासाठी माणूस जे काम करतो, तेच त्याला कसं खातं, हे शोधायची या गृहस्थांना सवय लागली होती. पुढे तीन वर्षांत त्यांची नजर मुष्टियुद्धाकडे वळली.

तो काळ मुष्टियुद्धाच्या भरभराटीचा. जॅक डेम्प्सी आणि जीन टनी यांच्या लढती बघायला लाखाच्या वर माणसं जमत. या झगमगाटाच्या मागच्या गल्ल्यांत मात्र निवृत्त मुष्टियोद्ध्यांची एक वेगळीच जमात वावरत होती. पाय ओढत चालणारे, बोलताना जीभ अडखळणारे, हात थरथरणारे, सकाळी काय झालं ते दुपारी न आठवणारे. थेंबभरही न पिता सदा झिंगल्यासारखे. प्रेक्षकांना आणि लढती भरवणाऱ्यांना हे सगळं ठाऊक होतं आणि अशा माणसांना त्यांनी टिंगलीची नावंही ठेवली होती. त्यातलंच एक उचलून मार्टलंड यांनी ऑक्टोबर 1928 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात लेख लिहिला: ‘पंच ड्रंक’. लढती भरवणाऱ्या एका माणसाने त्यांना अशा 23 जणांची यादीच दिली होती, त्यांपैकी पाच जणांना ते स्वतः तपासू शकले. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या ठोशांनी मेंदूत बारीक बारीक रक्तस्राव होतात आणि त्यांचे व्रण साचत जाऊन हे दुखणं होतं, असा त्यांचा तर्क होता. रक्तस्रावाबद्दलचा त्यांचा अंदाज पुढे तपशिलात टिकला नाही. ठोसे आणि हे दुखणं यांचं नातं मात्र त्यांनी अचूक पकडलं होतं. शिवाय, हा खेळ पुरेशी वर्षं खेळणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांची हीच गत होते, असंही त्यांनी बजावून ठेवलं.

यावर मुष्टियुद्धाच्या जगाने काय केलं? काहीच नाही. 1937 साली जे. ए. मिल्सपॉ या नौदलाच्या डॉक्टरांनी दुखण्याला ‘डिमेन्शिया प्युजिलिस्टिका’ असं भारदस्त लॅटिन नाव दिलं. 1949 मध्ये ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ मॅकडोनल्ड क्रिचली यांनी ‘क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफलोपथी’ हे शब्द वापरले. त्यांचंच लघुरूप, सीटीई, आज सगळीकडे ऐकू येतं. दुखण्याला तीन-तीन नावं मिळाली, पण रिंगणातल्या नियमांना कुणी हात लावला नाही. डॉक्टरांनाही वाटत होतं की, हा मुष्टियोद्ध्यांचा आजार आहे. गरीब घरची पोरं पैशासाठी डोकी फोडून घेतात, त्याला कोण काय करणार?

कवटी शाबूत असताना आत नेमकं काय होतं, हे कोडं उलगडायला दुसरं महायुद्ध यावं लागलं. ब्रिटिश सैन्यात निरोप पोचवणारे मोटारसायकलस्वार होते. ब्लॅकआउटच्या अंधारात दिवे झाकून ते सुसाट जायचे आणि मोठ्या संख्येने मरायचे. त्यांच्या अपघातांचा अभ्यास ऑक्सफर्डचे न्यूरोसर्जन ह्यू केर्न्स यांनी केला. 1935 साली ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ मोटारसायकलवरून पडून बेशुद्धावस्थेत गेला, तेव्हा त्याच्या उपचारासाठी बोलावलेल्या डॉक्टरांत हेच केर्न्स होते. त्यांच्या पाठपुराव्यामुळे नोव्हेंबर 1941 मध्ये लष्करी मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं. आपल्याकडे हेल्मेटसक्तीवरून जे रण पेटतं, त्याचं मूळ हे असं तिथवर जातं.

त्याच ऑक्सफर्डमध्ये डेनी-ब्राउन आणि रिची रसेल यांनी प्राण्यांवर प्रयोग करून एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. डोकं घट्ट पकडून ठेवलं आणि फटका मारला, तर प्राण्याची शुद्ध सहजासहजी हरपत नाही. डोकं हलायला मोकळं असेल, तर त्याच फटक्याने हरपते. म्हणजे घात फटक्याच्या जोरापेक्षा डोक्याला बसणाऱ्या हिसक्यात आहे. यापुढचं पाऊल ए. एच. एस. होलबर्न या भौतिकशास्त्रज्ञाने टाकलं. त्यांनी मेंदूच्या छेदाच्या आकाराचं जिलेटिन कवटीच्या साच्यात ओतलं, साचा झटक्यात फिरवला आणि ध्रुवीकृत प्रकाशात बघितलं की आत ताण कुठे कुठे येतो. मेंदूचा पोत साधारण खरवसासारखा असतो: दाबला तर फारसा आक्रसत नाही, पण मुरडला की आतल्या आत फाटतो. सरळ रेषेत बसलेल्या धक्क्यापेक्षा डोकं गर्रकन फिरवणारा धक्का मेंदूला जास्त घातक, हा होलबर्न यांचा निष्कर्ष 1943 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. हनुवटीवर बाजूने बसलेला ठोसा माणसाला आडवा का करतो, याचं उत्तर त्यात होतं. हेल्मेटची मर्यादाही त्यातच होती. हेल्मेट कवटी वाचवतं. कवटीच्या आत मेंदू गिरकी घेतो, त्याला ते फारसं काही करू शकत नाही.

या गिरकीत मेंदूच्या पेशींचे लांबलचक तंतू ताणले जातात. पुढे काय होतं, ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या प्रयोगशाळेत डेव्हिड होव्हडा आणि ख्रिस्तोफर गिझा यांनी जुळवून दाखवलं. 2001 मधला त्यांचा लेख आजही या विषयाचा पाया मानला जातो. ताणलेल्या पेशींच्या आवरणातून पोटॅशियम बाहेर सांडतं, कॅल्शियम आत घुसतं. ही घडी परत बसवण्यासाठी पेशींतले पंप जीव तोडून चालू लागतात आणि त्यासाठी ऊर्जा भरमसाट लागते. नेमक्या त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा घटलेला असतो. मागणी वाढलेली, पुरवठा आटलेला, अशी ही अवस्था काही दिवस, कधी काही आठवडे टिकते. डोकं दुखणं, उजेड सहन न होणं, चक्कर, मळमळ, विचार मंदावणं, चिडचिड ही कन्कशनची, म्हणजे मेंदूला बसलेल्या मुक्या माराची, लक्षणं याच काळातली. बहुतेक जणांची शुद्ध हरपत नाही. सीटी स्कॅन स्वच्छ येतो. बघणाऱ्याला माणूस धडधाकट दिसतो. या काळात दुसरा फटका बसला, तर मात्र पहिल्याच्या मानाने हलका असूनही तो भलताच महाग पडू शकतो.

मुष्टियुद्धाविरुद्धचा निर्णायक पुरावा 1973 साली इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातल्या रनवेल या मनोरुग्णालयातून आला. तिथले पॅथॉलॉजिस्ट जॉन कोर्सेलिस यांनी मेंदूंचा मोठा संग्रह केला होता. 15 माजी मुष्टियोद्ध्यांचे मेंदू त्यांनी सहकाऱ्यांसह तपासले आणि शिवाय त्यांच्या घरच्यांना भेटून शेवटची वर्षं कशी गेली, तेही टिपून घेतलं. मेंदूच्या दोन अर्धांमधला नाजूक पडदा फाटलेला, तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूची हानी झालेली आणि ठिकठिकाणी प्रथिनांचे गुंते. अल्झायमरमध्येही असे गुंते असतात, पण त्यांच्या जोडीला जी पुटं असतात, ती इथे क्वचितच दिसली. म्हणजे हा म्हातारपणाचा विसर नव्हता, हा निराळा आजार होता. त्यानंतर ब्रिटन आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनांनी मुष्टियुद्ध बंद करा अशी मागणी केली. मुष्टियुद्ध चालूच राहिलं. आणि हा आजार फक्त त्या रिंगणातलाच, हा समजही तसाच राहिला. त्याला धक्का लागायला आणखी 29 वर्षं गेली.

अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘सेंटर’ नावाची जागा असते. हा खेळाडू ओणवा होऊन चेंडू दोन पायांमधून मागे देतो आणि पुढच्याच क्षणी डोकं खाली घालून समोरच्या दीड-दोन माणसांच्या वजनाच्या गड्याला भिडतो. दर डावाला हेच. पिट्सबर्ग स्टीलर्सचा माइक वेबस्टर 1974 पासून 15 हंगाम ही जागा लढवत होता, नंतर दोन हंगाम कॅन्सस सिटीकडून. विजेतेपदाचे चार सुपर बोल सामने जिंकणाऱ्या संघाचा तो कणा. ‘आयर्न माइक’ म्हणून पोरं त्याची चित्रं भिंतीवर लावायची. निवृत्तीनंतर तो पिकअप ट्रकमध्ये झोपू लागला. पडलेले दात सुपरग्लूने चिकटवायचा. दुखण्यामुळे झोप लागेना, तेव्हा विजेचा झटका देणारी टेझर बंदूक स्वतःवर चालवून घ्यायचा. पैसा गेला, संसार मोडला. 24 सप्टेंबर 2002 रोजी वयाच्या पन्नासाव्या वर्षी तो वारला आणि मृतदेह पिट्सबर्गच्या शवागारात आला.

तिथे त्या शनिवारी कामावर होते बेनेट ओमालू. नायजेरियात जन्मलेले, पुढचं शिक्षण अमेरिकेत झालेले, फुटबॉलमधलं ओ की ठो माहीत नसलेले. हे अज्ञानच त्यांच्या कामी आलं, असं मला वाटतं. त्यांच्यापुढे देव नव्हता, अकाली म्हातारा झालेला एक माणूस होता. मृत्यूचं कारण हृदयविकार. मेंदू बाहेरून अगदी नीटनेटका. दुसऱ्या कुणी फॉर्म भरून हात धुतले असते. ओमालूंनी मेंदू राखून ठेवला, त्याचे पातळ छेद करवून घेतले आणि त्याचा खर्च स्वतःच्या खिशातून केला. काचेखाली त्यांना टाऊ नावाच्या प्रथिनाचे काळपट गुंते दिसले. एरवी टाऊ पेशींच्या तंतूंमधला सांगाडा सावरून धरतं. तंतू पुन्हा पुन्हा ताणले गेले की ते सुटून येतं, गोळा होतं आणि पेशींचा गळा घोटतं. हे गोळे बारीक रक्तवाहिन्यांच्या भोवती आणि मेंदूच्या घड्यांच्या तळाशी साचतात. 2005 साली ‘न्यूरोसर्जरी’ या नियतकालिकात ओमालू आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. फुटबॉल खेळाडूच्या मेंदूतल्या सीटीईची ही पहिली नोंद.

आता या खेळाची मालक असलेल्या एनएफएलची, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीगची, बाजू बघू. लीगने 1994 मध्येच डोक्याच्या दुखापतींसाठी डॉक्टरांची समिती नेमली होती. अध्यक्ष एलियट पेलमन. न्यूयॉर्क जेट्सचे डॉक्टर आणि शिक्षणाने सांधेदुखीचे तज्ज्ञ. मेंदूच्या समितीवर सांधेदुखीचा तज्ज्ञ अध्यक्ष, ही निवड पुरेशी बोलकी आहे. या समितीने 2003 पासून त्याच ‘न्यूरोसर्जरी’ मध्ये लेखांची मालिका छापली. कन्कशन झालेला खेळाडू त्याच सामन्यात परत उतरला तरी धोका वाढत नाही, व्यावसायिक खेळाडूंमध्ये कायमची इजा दिसत नाही, असा तिचा सूर. ओमालूंचा निबंध येताच समितीच्या सदस्यांनी तो मागे घ्यावा अशी मागणी करणारं पत्र नियतकालिकाला धाडलं. तेव्हा एक कागद एनएफएलच्या निवृत्तिवेतन मंडळाच्याच दप्तरात होता: वेबस्टरला आलेलं अपंगत्व खेळताना डोक्याला बसलेल्या मारामुळे आहे, हे त्या मंडळाने 1999 मध्येच मान्य केलं होतं. एका खोलीत पैसे मंजूर होत होते आणि शेजारच्या खोलीत आजारच नाकारला जात होता.

नोव्हेंबर 2006 मध्ये आंद्रे वॉटर्स या माजी खेळाडूने स्वतःवर गोळी झाडून घेतली. ख्रिस नोविन्स्की हा हार्वर्डमध्ये फुटबॉल खेळलेला आणि नंतर व्यावसायिक कुस्तीत उतरलेला तरुण कन्कशनमुळेच ती कुस्ती सोडून बसला होता. त्याने वॉटर्सच्या घरी फोन लावला आणि मेंदू तपासणीसाठी मागितला. अशा घडीला, अशा घरी असा फोन करायला काय छाती लागली असेल! ओमालूंनी तो मेंदू तपासला. जानेवारी 2007 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर अॅलन श्वार्झ यांची बातमी आली आणि विषय वैद्यकीय नियतकालिकांतून नाश्त्याच्या टेबलावर पोचला. पुढच्या वर्षी बॉस्टन विद्यापीठात केंद्र उभं राहिलं. तिथे अॅन मॅकी यांच्याकडे मेंदूंची रीघ लागली.

ऑक्टोबर 2009 मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांची साक्ष झाली. कॅलिफोर्नियाच्या लिंडा सांचेझ यांनी त्यांना सरळ तंबाखू कंपन्यांची आठवण करून दिली. सिगारेट आणि आजार यांचा संबंध नाही, असं त्याही वर्षानुवर्षं म्हणत होत्या. ही उपमा लीगला झोंबली. दोन महिन्यांच्या आत लीगच्या डॉक्टरांच्या समितीचे प्रमुख बदलले आणि कन्कशनचे दीर्घकालीन परिणाम होऊ शकतात, असं लीगच्या प्रवक्त्याने वार्ताहराशी बोलताना कबूल केलं. फेब्रुवारी 2011 मध्ये डेव्ह डुअरसन या माजी खेळाडूने आत्महत्या केली. गोळी छातीत, आणि मागे चिठ्ठी: माझा मेंदू संशोधनाला द्या. त्याच्या मेंदूत सीटीई सापडला.

हजारो माजी खेळाडू कोर्टात गेले. ऑगस्ट 2013 मध्ये 76.5 कोटी डॉलरवर तडजोड ठरली. न्यायाधीश अनिता ब्रोडी यांना एवढे पैसे पुरतील याची खात्री पटेना, म्हणून पुढे रकमेची मर्यादा काढली गेली आणि प्रत्यक्ष वाटप 1 अब्ज डॉलरच्या पुढे गेलं. लीगने चूक मान्य केली नाहीच. वर एक कीड तडजोडीतही शिरली: बुद्धी किती घसरली हे मोजताना कृष्णवर्णीय खेळाडूंची पातळी मुळातच कमी होती असं धरणारी कोष्टकं वापरली जात होती. त्यामुळे त्यांचे दावे फेटाळणं सोपं जाई. दोन माजी खेळाडूंनी 2020 मध्ये दावा लावला, तेव्हा कुठे 2021 मध्ये ही पद्धत बंद झाली.

2017 साली मॅकी यांनी जाहीर केलेला आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे: एनएफएलच्या 111 माजी खेळाडूंच्या मेंदूंपैकी 110 मध्ये सीटीई. हा आकडा जपून वापरावा. ज्यांच्या वागण्यात काही बिघडलं होतं, त्यांच्याच घरच्यांनी बहुतेक मेंदू दिले होते. त्यावरून शंभरातले नव्व्याण्णव खेळाडू आजारी, असा हिशेब मांडता येणार नाही. पण ‘फुटबॉलमध्ये असलं काही नसतं’ असं म्हणायची सोय या आकड्याने कायमची संपवली. आणखी एक गोष्ट या मेंदूंनी शिकवली. माणूस किती वेळा कोसळला, यापेक्षा किती वर्षं खेळला आणि डोक्यावर एकूण किती आदळलं, याच्याशी सीटीईचा संबंध जास्त आहे. ज्या धक्क्यांनी चक्करही येत नाही, तेही खात्यावर जमा होत असतात.

ब्रिटनमध्ये हीच कहाणी सॉकरमध्ये घडली. वेस्ट ब्रॉमविचचा जेफ अॅस्टल हेडरसाठी, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्यासाठी, प्रसिद्ध होता. 2002 मध्ये, वयाच्या 59 व्या वर्षी तो वारला, तेव्हा स्वतःच्या पोरींनाही ओळखत नव्हता. मृत्यूच्या चौकशी अधिकाऱ्याने निकालपत्रात कारण लिहिलं, ‘व्यावसायिक आजार’. खाणकामगारांच्या फुप्फुसांबद्दल जे लिहितात, तेच. मार्टलंड असते तर मान डोलावली असती. तरीही सॉकरच्या संघटना हलल्या नाहीत. 2014 मध्ये ग्लासगोचे पॅथॉलॉजिस्ट विली स्टुअर्ट यांनी अॅस्टलचा जपून ठेवलेला मेंदू पुन्हा तपासला आणि सीटीई असल्याचं सांगितलं. 2019 मध्ये त्यांच्याच गटाने स्कॉटलंडच्या 7,676 माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी सर्वसामान्य माणसांच्या नोंदींशी ताडून बघितल्या. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण्याचं प्रमाण खेळाडूंमध्ये साडेतीन पट निघालं. हृदयविकाराने मात्र ते कमी मरत होते. धावण्याने दिलेलं डोक्याने घालवलं. या अहवालानंतर चार महिन्यांत इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड इथल्या प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना सरावात हेडर मारायला बंदी झाली.

क्रिकेटची गोष्ट वेगळी आहे. इथे रोज डोकी आपटत नाहीत, पण जेव्हा लागतं तेव्हा एकशे साठेक ग्रॅमचा कडक चेंडू लागतो. 17 मार्च 1962 ला बार्बाडोसमध्ये चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बसला. कवटी फुटली. रक्त द्यायला वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आले, तसे आपले पॉली उम्रीगर, बापू नाडकर्णी आणि चंदू बोर्डेही. कॉन्ट्रॅक्टर अनेक दिवस मृत्यूच्या दारात होते. पुढे वेल्लोरला त्यांच्या डोक्यात धातूची पट्टी बसवली गेली. ती 60 वर्षांनी, 2022 मध्ये, मुंबईत काढली. ते पुन्हा प्रथम श्रेणी क्रिकेट खेळले, कसोटी मात्र नाही. आपल्या क्रिकेटने या घटनेतून काय घेतलं? 21 वर्षांचा पतौडी कर्णधार झाला, ही गोष्ट. हेल्मेट यायला आणखी पंधरा वर्षं लागली आणि तेही केरी पॅकरच्या स्पर्धेतून. गावसकर तर पुढेही हेल्मेटऐवजी डोक्याला बसणारी छोटी कवचटोपी घालून खेळले. त्या टोपीचं आपल्याला कौतुकच होतं.

20 फेब्रुवारी 1998 रोजी ढाक्यातल्या क्लब सामन्यात भारताचा रमण लांबा हेल्मेट न घालता फलंदाजाच्या अगदी जवळ उभा होता. पुलचा फटका त्याच्या कपाळावर आदळून इतका जोरात उडाला की यष्टिरक्षकाने झेल घेतला. लांबा स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला. तीन दिवसांनी तो वारला. आत रक्त साचत असताना माणूस चालू-बोलू शकतो, हे तेव्हाही वैद्यकात कुणाला नवीन नव्हतं. मैदानावर ते सांगणारं कुणी नव्हतं.

25 नोव्हेंबर 2014 ला सिडनीत ऑस्ट्रेलियाच्या फिलिप ह्यूजला बसलेला चेंडू हेल्मेटच्या खाली मानेवर लागला, मेंदूकडे जाणारी धमनी फाटली आणि दोन दिवसांनी तो गेला. काटेकोर बोलायचं तर हे कन्कशन नव्हतं. पण त्या मृत्यूने क्रिकेटची झोप उडाली. ऑस्ट्रेलियाने 2016-17 च्या हंगामात देशांतर्गत मर्यादित षटकांच्या सामन्यांत कन्कशनसाठी बदली खेळाडूची सोय केली. आयसीसीने ती 1 ऑगस्ट 2019 पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये आणली. अडीच आठवड्यांतच लॉर्ड्सवर इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरचा ताशी 148 किलोमीटरहून वेगवान चेंडू ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तो 80 वर होता. बाहेर नेऊन तपासलं, सगळ्या चाचण्या पास. तो परत आला, 92 वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी उठला तो डोकं दुखत आणि सुन्न. लक्षणं उशिरा येतात, हे पुस्तकातलं वाक्य साऱ्या जगाने टीव्हीवर बघितलं. त्याच्या जागी मार्नस लाबुशेन आला, कसोटीतला पहिला कन्कशन बदली. आर्चरच्या दुसऱ्याच चेंडूने त्याच्याही हेल्मेटच्या जाळीवर घाव घातला. तो उठला आणि 59 धावा काढून गेला.

या नियमाचं खरं मोल वेगळंच आहे. ‘मी ठीक नाही’ म्हणणाऱ्या खेळाडूला आता संघ एका माणसाने कमी करावा लागत नाही. त्याआधी डोकं गरगरत असताना खेळणं ही निष्ठा होती. अमेरिकेत हीच गाठ कायद्याने सोडवली गेली. शालेय सामन्यात डोक्याला लागल्यावर पुन्हा मैदानात उतरवलेला 13 वर्षांचा एक मुलगा मरता मरता वाचला आणि कायमचा अपंग झाला. त्याच्या घरच्यांच्या धडपडीतून वॉशिंग्टन राज्याने 2009 मध्ये कायदा केला: कन्कशनचा संशय आला की मूल बाहेर, आणि डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय आत नाही. पाच वर्षांत सगळ्या राज्यांनी तसे कायदे केले. मुलाची हौस, आईबापांचं स्वप्न, कोचचा सामना, या सगळ्यांच्या हातून निर्णय काढून घेतला गेला.

आपल्याकडे नियमाची वेगळीच बाजू पुढे आली. 31 जानेवारी 2025 ला पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या टी-ट्वेंटीत मुंबईच्या शिवम दुबेने 53 धावा काढल्या. डावाच्या शेवटी जेमी ओव्हर्टनचा चेंडू त्याच्या हेल्मेटवर बसला. बदली म्हणून आला हर्षित राणा. दुबे फलंदाजी करणारा अष्टपैलू, राणा धडधडीत वेगवान गोलंदाज. राणाने टी-ट्वेंटी पदार्पणातच 3 बळी घेतले, भारत 15 धावांनी जिंकला आणि इंग्लंडच्या जोस बटलरने ही बदली पटत नसल्याचं उघड सांगितलं. बटलरचं बरोबरच होतं. दुबेच्या डोक्याला लागलं हे खरं, पण त्या मारातून संघाला एक गोलंदाज फुकट मिळाला, हेही खरं. अशा दोन-चार घटना झाल्या की खरोखर भोवळ आलेल्या खेळाडूकडेही लोक संशयाने बघू लागतात आणि मग तो पुन्हा दात-ओठ खाऊन खेळतो.

2025 च्या मध्यावर आयसीसीने नियम कडक केले. बदली कोण येणार, त्यांची नावं सामन्याआधीच द्यायची: एक यष्टिरक्षक, एक फलंदाज, एक वेगवान, एक फिरकी, एक अष्टपैलू. कन्कशन झालेल्याला किमान सात दिवस खेळता येणार नाही. बदली कितपत सारखी आहे, हे सामनाधिकारी बघतो. डोक्याला लागलंय की नाही, हे मात्र अजूनही संघाचा पगारी डॉक्टरच ठरवतो. कोर्टाच्या पायऱ्या चढून आलेल्या एनएफएलने 2013 पासून कुठल्याच संघाशी संबंध नसलेले मेंदूतज्ज्ञ मैदानाच्या कडेला उभे केले. त्यांच्याही हातून चुका झाल्या. 2022 मध्ये मायामीच्या तुआ टागोवैलोआला लडखडताना साऱ्यांनी बघितल्यावरही परत खेळायला सोडलं, तेव्हा खेळाडूंच्या संघटनेने त्या तज्ज्ञाला काढून टाकलं आणि लीगला नियम बदलावा लागला. तिथे निदान काढून टाकायला कुणीतरी बाहेरचा होता.